मधुमेहाने बधिर झालेली पावले आणि शरीराचा तोल

(गोव्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मधुमेहावरील व्याख्यान म्हटले की भात किती खावा, गोड वर्ज्य करावे की नाही, गोळ्या केव्हा घ्याव्यात, हेच ऐकावयास मिळणार अशी आपली समजूत असते. आज मी त्यांपैकी कशाविषयीही फारसे बोलणार नाही. मला बोलावयाचे आहे ते पायांच्या तळव्यांविषयी, आणि तळवे मुके झाल्यावर माणूस उभा कसा राहतो याविषयी. भौतिकोपचार हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझ्याकडे येणारी माणसे बहुधा पडल्यानंतर येतात. ती पडण्यापूर्वी आली असती तर बरे झाले असते, हा विचार वारंवार मनात येतो. म्हणूनच हा विषय मी निवडला.

गोवेकरांना हा विषय परका मानता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील प्रौढांत देशाचे सरासरी प्रमाण शेकडा ११.४ आढळले, गोव्याचे प्रमाण २६.४ होते आणि ते सर्व राज्यांत अधिक होते. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून किंचित अधिक. या सभागृहात बसलेल्यांना ही गोष्ट आकड्यांवाचूनही ठाऊक आहे, कारण मधुमेहाच्या गोळ्यांची डबी नाही असे घर आता शोधावेच लागते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना, ज्यांना आपण व्यवहारात नसा म्हणतो त्यांना, हळूहळू इजा पोचते. त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही बिघडतात. शरीरातील सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि इजेचा पहिला तडाखा त्यांच्या टोकांना बसतो. म्हणून बधिरतेची सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मोजा वर ओढीत जावा तशी ती घोट्याकडे, नडगीकडे चढत जाते. काहींना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, सुया टोचल्यासारखे वाटते. ही माणसे एका अर्थी सुदैवी म्हणावयाची, कारण त्रास होतो म्हणून ती वैद्याकडे जातात. पुष्कळांना मात्र काहीच दुखत नाही. कापसावर चालल्यासारखे वाटते, किंवा पायातील चप्पल वाटेत निसटून पडली तरी दहा पावले पुढे जाईपर्यंत कळत नाही. चप्पल निसटल्याचे कळत नाही, ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे. ती कानी आली की घरच्यांनी सावध व्हावे.

बधिर पावलाला जखम होते व ती चिघळते, हे आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांवरून आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. त्याच बधिरतेने शरीराचा तोलही जातो, ही गोष्ट मात्र तितकीशी ठाऊक नाही.

उभे राहणे ही आपल्याला काहीच न करण्यासारखी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात उभा माणूस सतत किंचित डुलत असतो आणि सतत सावरत असतो. या सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून वर्दी मिळते. डोळे सांगतात की भिंत सरळ आहे की कलली आहे. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय डोके कोणीकडे झुकले ते सांगते. तिसरी वर्दी तळव्यांची व घोट्याच्या सांध्यांची: भार टाचेवर आहे की चवड्यावर, जमीन कठीण आहे की भुसभुशीत, पाऊल सपाट टेकले की कडेवर. या तिघांत तळव्यांची वर्दी फार जलद आणि फार बारीक असते. ती बंद पडली की उरलेल्या दोघांवर भार पडतो, आणि त्यांत डोळ्यांवर अधिक.

जर्मनीत बर्लिन येथे रोमबर्ग नावाचे वैद्य होऊन गेले. मज्जारज्जूच्या एका विकाराने ज्यांच्या पायांची जाणीव गेली होती, असे रोगी त्यांनी पाहिले आणि १८४० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. ही माणसे डोळे उघडे असताना उभी राहू शकत, पण डोळे मिटताच डोलू लागत व पडू पाहत. ही परीक्षा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. असे रोगी सकाळी तोंड धुताना, डोळे मिटून चेहऱ्यावर पाणी मारण्याच्या क्षणी तोल जाऊन पडतात, हेही वैद्यांच्या ध्यानात आले होते.

आपल्या घरातील न्हाणी डोळ्यांपुढे आणा. जमीन ओली, साबणाने बुळबुळीत झालेली. माणूस उभा राहून तांब्याने डोक्यावर पाणी घेतो, आणि डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून डोळे घट्ट मिटतो. तळवे आधीच मुके, आता डोळेही मिटलेले. सरावलेला हात तांब्या वर नेतो, मान मागे जाते, आणि कानातील इंद्रियाचाही गोंधळ उडतो. न्हाणीत पडलेल्या माणसाविषयी घरात "पाय घसरला" एवढेच म्हटले जाते. पुष्कळदा पाय घसरण्यापूर्वी तोल गेलेला असतो, आणि तो का गेला याची चौकशी कोणी करीत नाही. ज्यांची पावले बधिर आहेत त्यांनी न्हाणीत पाट किंवा स्टूल घेऊन बसूनच स्नान करावे. या सूचनेला एक पैसाही खर्च येत नाही, आणि माझ्या मते आजच्या भाषणातील ही सर्वांत उपयुक्त सूचना आहे.

अंधाराचेही तसेच. पहाटे लघवीसाठी उठणे, वीज गेलेली असणे, परसातून काळोखात घरात येणे, या सर्व प्रसंगी डोळ्यांचा आधार सुटतो. शिवाय मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यालाही इजा होते, आणि ज्यांचे मज्जातंतू बिघडले आहेत त्यांच्यापैकी अनेकांचे डोळेही निर्दोष नसतात. दुहेरी भिंगाचा चष्मा लावून जिना उतरताना पायरी खालच्या, वाचनाच्या भिंगातून दिसते आणि धूसर होते, हेही ध्यानात ठेवावे.

पडण्याने हाड मोडते, खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते, महिनोन् महिने अंथरुणावर जातात. हे आपण पाहिलेले आहे. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. परंतु ज्या पडण्यात हाडही मोडत नाही त्याचा परिणामही लहान नसतो. माणूस एकदा पडला की भितो. तो बाजारात जाणे सोडतो, देवळाच्या पायऱ्या चढणे सोडतो, अंगणात उतरणेही टाळतो. घरातील माणसे प्रेमापोटी म्हणतात, "आता वय झाले, बसून राहा, आम्ही आणून देऊ." बसून राहिल्याने मांडीचे व पोटरीचे स्नायू झिजतात, साखर वाढते, आणि तोल आणखी जातो. मग दुसरे पडणे घरातल्या घरात, खुर्चीतून उठताना होते. त्या प्रेमाने केलेल्या आज्ञेइतके नुकसान दुसऱ्या कशाने क्वचितच होत असेल. पडलेल्या माणसाला बसवून ठेवू नये. त्याला पुन्हा उभे राहावयास शिकवावे.

आता कोणी म्हणेल, नसच गेली तर व्यायाम काय करणार? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर प्रथम शोधले ते स्वित्झर्लंडमधील हायडन या गावच्या फ्रेंकेल नावाच्या वैद्यांनी. १८८७ च्या सुमाराची हकीकत अशी सांगतात. एका रोग्याला त्यांनी बोटाचे टोक नाकाला लावण्यास सांगितले. त्याला ते धड जमले नाही. काही महिन्यांनी तोच रोगी परत आला आणि त्याने ही परीक्षा चांगली दिली. रोग तर बरा झालेला नव्हता. विचारता तो म्हणाला की, परीक्षेत उत्तीर्ण व्हावयाचे होते म्हणून घरी सराव केला! शिक्षक मंडळींना या उत्तराचे विशेष कौतुक वाटेल. फ्रेंकेल यांनी मात्र ते हसून सोडून दिले नाही. सरावाने हात सुधारतो तर पाय का नाही, असे म्हणून त्यांनी डोळ्यांनी पाहत, मोजून मापून, सावकाश करावयाचे व्यायाम रचले. ते आजही भौतिकोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्याच नावाने शिकविले जातात.

तोलाच्या व्यायामाने बधिर तळव्यात जाणीव परत येते असे मी सांगणार नाही. तसे खात्रीने सिद्ध झालेले नाही. व्यायामाने होते ते वेगळेच. जी थोडी जाणीव घोट्यात, गुडघ्यात व खुब्यात शिल्लक असते तिचा उपयोग मेंदू अधिक चांगला करू लागतो. सावरण्याची क्रिया उशिरा सुरू होत असते ती लवकर होऊ लागते. आणि घोटा, मांडी व खुबा यांचे स्नायू बळकट झाल्यामुळे उशीर झाला तरी सावरण्यापुरते बळ अंगात राहते. सड्यावरच्या वाटेने रोज जाणारा माणूस अंधारातही खड्डे चुकवितो, ते काही त्याचे डोळे अधिक तीक्ष्ण असतात म्हणून नव्हे.

पुरावा काय आहे? वृद्धांच्या व्यायामाविषयी जगभरात झालेल्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण शेकडा २३ ने कमी होते असे त्यात आढळले. विशेष म्हणजे हा लाभ प्रामुख्याने तोलाच्या व उठण्याबसण्याच्या व्यायामांचा होता. केवळ चालण्याच्या कार्यक्रमाने पडणे कमी होते असे खात्रीने सांगता आले नाही. "मी रोज सकाळी अर्धा तास चालतो, मला आणखी व्यायाम कशाला?" असे म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितले. चालणे साखरेसाठी उत्तम आहे, ते सोडू नये. तोलासाठी मात्र वेगळा सराव हवा. मधुमेहाने पावले बधिर झालेल्यांवरील चाचण्या अद्याप लहान आहेत. तोलाच्या सरावाने त्यांचे उभे राहणे व चालणे सुधारते, असे अनेक चाचण्यांत दिसले. पण अमेरिकेतील एका चाचणीत पडण्याचे प्रमाण फारसे घटले नाही, हेही लपविण्याचे कारण नाही. तिच्यातील एक निष्कर्ष मात्र दिलासा देणारा होता, आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला: बधिर पायांनी उभे राहून व्यायाम केल्यामुळे पायांच्या जखमा वाढल्या नाहीत. त्यापूर्वी अशा रोग्यांना उभ्याने व्यायाम न करण्याचा सल्ला दिला जात असे. माझे स्वतःचे मत असे की, व्यायाम सौम्य ठेवून तो घरी एकट्यावर सोपविला की फळ कमी मिळते. तोल किंचित आव्हानात पडला पाहिजे, आणि शेजारी कोणी तरी असले पाहिजे.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकांचे उदाहरण सांगतो. दोनदा पडल्यामुळे त्यांनी घराबाहेर पडणे सोडले होते. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून त्या तीन सेकंदही उभ्या राहू शकत नसत. आठवड्यातून चार दिवस, सून जवळ असताना, स्वयंपाकघराच्या ओट्याशी त्यांनी सराव केला. तीन महिन्यांनी त्याच स्थितीत त्या पंधरा सेकंद उभ्या राहिल्या. तळव्यांची तपासणी केली तर बधिरता पूर्वीइतकीच होती. जाणीव न परतताही तोल परतला, हे त्यांनाच प्रथम खरे वाटेना.

तपासणीविषयी थोडे सांगतो, कारण त्यामागे आपल्याच देशातला इतिहास आहे. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगामुळे आपोआप झडतात ही तेव्हाची समजूत. वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजांनी ती झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांना लावण्यात आले. तळव्यावर टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबावयाचा नायलॉनचा धागा, जो वाकण्यास १० ग्रॅम दाब लागतो, त्याचे महत्त्व कारव्हिलमधूनच १९८६ साली प्रसिद्ध झाले. तो दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायाचे संरक्षक भान गेले असे समजावे. मधुमेह्यांना आज देण्यात येणारी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची पादत्राणेही कुष्ठरोग्यांसाठीच आपल्या देशात प्रथम प्रचारात आली. हा धागा आणि नादकाटा एवढ्या साधनांनी दहा मिनिटांत पाय तपासता येतात. वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी; आरोग्य केंद्रात साखर तपासावयास जाल तेव्हा पायातील चपला काढून "पायही पाहा" असे आपणच म्हणावे.

तोलाची परीक्षा तर घरीही करता येते. ओट्याजवळ किंवा जड मेजाजवळ, शेजारी एका धडधाकट माणसाला घेऊन उभे राहावे. प्रथम दोन्ही पावले जुळवून दहा सेकंद. मग एक पाऊल अर्धे पुढे सरकवून दहा सेकंद. नंतर टाच अंगठ्याला लावून, एकाच रेषेत, दहा सेकंद. शेवटी एका पायावर. तिसरी पायरी ज्याला दहा सेकंद जमत नाही त्याला पडण्याचा धोका अधिक आहे असे मानतात. दुसरी परीक्षा अशी: खुर्चीतून उठावे, तीन मीटर म्हणजे सुमारे दहा फूट नेहमीच्या चालीने जावे, वळावे, परत येऊन बसावे. यास बारा सेकंद किंवा अधिक लागले तर सावध व्हावे. घड्याळ नातवंडाकडे द्यावे. मुले हे काम मोठ्या चोखपणे करतात.

ज्या पायरीवर आपण डळमळतो पण पडत नाही, त्याच पायरीवर सराव सुरू करावा. सोपी पायरी करीत राहिल्यास शरीर काही शिकत नाही, आणि फार अवघड घेतल्यास भीती वाढते. दहा-दहा सेकंदांच्या चार-पाच खेपा पुरेत. बोटांची टोके ओट्यावर टेकलेली असू द्यावीत. अंगाचा भार हातावर टाकावयाचा नाही, नुसता स्पर्श ठेवावयाचा. बोटाच्या हलक्या स्पर्शानेसुद्धा शरीराचे डोलणे कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. तळव्यांची वर्दी बंद पडली तेथे बोटे वर्दी देऊ लागतात. जमू लागले की चार बोटांऐवजी एक बोट टेकवावे, मग बोट ओट्यापासून दोन अंगुळे वर धरावे. डोळे मात्र उघडेच ठेवावे. डोळे मिटून उभे राहण्याचा सराव भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. घरी एकट्याने तो करू नये, हे मी दोनदा सांगतो.

त्यानंतर खुर्चीतून उठणे व बसणे, हातांचा आधार न घेता; न जमल्यास प्रथम एका हाताचा घ्यावा. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची या कामाची नव्हे. बसताना धपकन न बसता सावकाश बसावे, कारण मांडीच्या स्नायूंना खरे काम तेथेच पडते. ओट्याला धरून चवड्यांवर उंच होणे, मग टाचांवर राहून चवडे उचलणे. दुसरा व्यायाम लोक कंटाळून सोडतात, पण चालताना पायाचे बोट अडखळू नये म्हणून चवडा उचलणाऱ्या त्या नडगीच्या स्नायूंचीच अधिक गरज असते. मग ओट्याच्या कडेने एकीकडून दुसरीकडे आडवे चालणे. पुढे ओसरीच्या कठड्याशेजारी टाचेला अंगठा लावीत रेषेवर चालणे. ज्यांना योगासनांचा सराव आहे त्यांनी वृक्षासन भिंतीजवळ, हात भिंतीला लावून करावयास हरकत नाही. फुगडी मात्र बधिर पायांनी घालू नये, मग आग्रह करणारी विहीण का असेना!

आठवड्यातून किमान तीन दिवस, प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटे, हा क्रम ठेवावा. पहिल्या दोन आठवड्यांत काही फरक वाटत नाही. तो वाटू लागण्यास साधारणतः दोन-तीन महिने लागतात आणि सराव सोडला की मिळविलेले हळूहळू जाते. औषधाप्रमाणेच हा नेम चालू ठेवावयाचा आहे.

काही माणसांनी वैद्यांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. तळव्याला उघडी जखम असेल, बसल्याचे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर नुकतेच उपचार झाले असतील, तर थांबावे. उठताना येणारी अंधारी ही मज्जातंतूंच्या बिघाडामुळे रक्तदाब एकाएकी उतरल्याने येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही येते. अशांनी अंथरुणातून उठताना प्रथम काठावर बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर पाहावी आणि ती ९० च्या खाली असल्यास आधी काही खावे. एखादे पाऊल एकाएकी सुजले, लाल व गरम झाले, आणि इतके होऊनही फारसे दुखत नसेल, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी वैद्यांकडे जावे. आतील हाडे खचत असल्याचे ते चिन्ह असू शकते, आणि त्यावर चालत राहिल्यास पावलाचा आकार कायमचा बिघडतो. मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि त्यानेही पाय बधिर होतात. ती उणीव भरून काढता येते, म्हणून त्याची तपासणी करवून घ्यावी. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सराव अनवाणी करू नये. टाचेमागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे घालावीत. सराव झाल्यावर दोन्ही तळवे पाहावेत; वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावेत. देवळात अनवाणी जावेच लागते. उन्हाळ्याच्या दुपारी प्रांगणातील तापलेल्या फरशीवर बधिर तळवे भाजतात आणि प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत कळत नाही. सकाळी लवकर जावे, किंवा मोजे घालावेत. देव त्याबद्दल रागावेल असे मला वाटत नाही.

पावसाळ्याविषयी आपल्यापुढे निराळे सांगावयास नको, तरी दोन गोष्टी सांगतो. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर व अंगणात जूनपासून शेवाळ धरते. ते पहिल्या पंधरवड्यातच घासून काढावे. आणि उंबरठ्याशी पाय पुसण्यासाठी टाकलेले गोणपाट सरकते, त्यात बोट अडकते. मुका पाय अडकल्याचे माणसाला कळते ते पडल्यावर. त्याच्या जागी रबरी तळाचे पायपुसणे ठेवावे.

अधिकारी मंडळींना माझी विनंती अशी. कार्यालयाच्या पायऱ्यांना कठडा असतो तो बहुधा एकाच बाजूस, आणि त्यावर सायकली टेकलेल्या असतात. दोन्ही बाजूंस कठडे असावेत व मोकळे असावेत. पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या रंगाची पट्टी ओढण्यास एक डबा रंग पुरतो, आणि ज्याचे तळवे सांगत नाहीत त्याला डोळ्यांनी पायरी कळते. शिक्षकांनी शाळेचे पटांगण आठवड्यातून तीन सायंकाळी अर्धा तास वृद्धांना द्यावे. कबड्डीसाठी आखलेली चुन्याची रेघ टाचेला अंगठा लावून चालण्यास उत्तम, आणि लंगडी घालणारी मुले शेजारी असली तर आजी-आजोबांना एका पायावर उभे राहण्याचा संकोचही वाटत नाही. भिंतीजवळ दोन बाके जोडून ठेवली की आधार तयार होतो. प्रत्येक वृद्धामागे एक धडधाकट माणूस मात्र असलाच पाहिजे.

भाषणापूर्वी एका ग्रामस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले की काठी घ्यावी का, लोक काय म्हणतील. काठी घ्यावी. ती केवळ भार पेलत नाही. ती हातात जमिनीची वर्दी आणून देते, हे बोटाच्या स्पर्शाविषयी मी जे सांगितले त्यावरून ध्यानात येईल. हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर मनगटाच्या सांध्यापर्यंत येईल इतकी तिची उंची असावी. एक पाय अधिक दुबळा असेल तर काठी त्याच्या विरुद्ध हातात धरावी आणि त्या दुबळ्या पायाबरोबर पुढे टाकावी. टोकाचे रबरी टोपण झिजून गुळगुळीत झाले की काठी ओल्या फरशीवर घसरते. नवे टोपण औषधांच्या दुकानांत मिळते. मृग लागण्यापूर्वी ते बदलून घ्यावे.